सुपारीची सावली गेल्यानंतर : रान माजलेला फुलझाडांचा वाफा शरदात पुन्हा उभा करण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात, पुळणीपासून थोड्याच अंतरावर, एक जुने कौलारू घर आहे. घराच्या पूर्वेला चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा असून त्याला लागून सुमारे तीस फूट लांब व सहा फूट रुंद असा फुलझाडांचा वाफा होता. तो घरातील काकूंच्या सासूबाईंनी घातला होता आणि पन्नासएक वर्षे त्यात बारमाही झाडेच वाढत आली होती. वेणीसाठी अबोली, देवासाठी जास्वंद आणि कोरांटी, कडेला कर्दळ व पांढरी लिली, आणि ओलाव्याच्या कोपऱ्यात श्रावणापासून दरवळणारा सोनटक्का, अशी ती मांडणी होती. घराची ओळख लपवण्यासाठी गावाचे नाव येथे दिलेले नाही. काही तपशीलही मुद्दाम ढोबळ ठेवले आहेत.

हा वाफा इतकी वर्षे फारशा कष्टाविना टिकला, याचे कारण त्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला असलेली सुपारीची झाडे होती. सकाळचे कोवळे ऊन गडग्यावरून येत असे आणि दहा-साडेदहानंतर सुपारीची विरळ, हलती सावली वाफ्यावर पडत असे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील नारळ-सुपारीच्या बागांची त्या एका दिवसात जी वाताहत झाली, तीत या घराच्या वाडीतील सुपारीही मोडून पडली. छपराची कौले उडाल्यामुळे काकूंचे चिरंजीव त्यांना पुण्याला घेऊन गेले. छपर दुरुस्त झाले तरी काकू कायमच्या परतल्या त्या २०२३च्या गणपतीला. मधल्या तीन वर्षांत वाफ्याकडे कोणाचेही लक्ष नव्हते.

अडचण नेमकी कोणती होती

मी सप्टेंबरच्या अखेरीस पहिल्यांदा वाफा पाहिला, तेव्हा तो वाफा आहे हे सांगावे लागले असते. रानमोडी डोक्याच्या वर गेली होती आणि तिच्यावरून वेली गडग्यापलीकडे उतरल्या होत्या. पिवळ्या फुलांची वेडेलिया कोणीतरी पूर्वी हौसेने कडेला लावली होती. तिने जवळपास अर्धी जमीन झाकली होती. हरळी कर्दळीच्या कंदांत घुसली होती आणि सगळ्यांच्या बुडाशी लव्हाळा होता.

काकूंचे म्हणणे एका वाक्याचे होते. "मला माझी अबोली परत हवी आणि दिवाळीला देवाला या वाफ्यातले फूल हवे." त्यांच्या चिरंजीवांचे म्हणणे वेगळे होते. एकदाच जे काय ते साफ करून टाकावे आणि पुढे आईला वाकायला लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. दोघांचे म्हणणे रास्त होते, पण ते एकाच महिन्यात साधणारे नव्हते.

डोळ्यांत भरणारे तण आणि खरे त्रासदायक तण यांत या प्रकरणात मोठा फरक होता. रानमोडी भयंकर दिसते, परंतु कोवळ्या ओलाव्यात ती मुळासकट निघते. तिच्या बाबतीत वेळ तेवढी सांभाळावी लागते, कारण पावसाळा संपल्यावर ती फुलते आणि तिचे बी वाऱ्यावर उडते, म्हणून फुलोऱ्यापूर्वी तिला काढणे आवश्यक असते. वेडेलिया पेरापेरावर मुळे धरते. तुटलेला प्रत्येक तुकडा म्हणजे नवे रोप, हे लक्षात ठेवले की तिचाही बंदोबस्त होतो. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याचा तिधारी दांडा उपटला की तो सहज हातात येतो आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात जमिनीत, मुख्यतः वरच्या वीतभर थरात, त्याच्या गाठींची साखळी तशीच राहते. त्या साखळीतील एखादी गाठ फुटलेली असते आणि तिच्यामुळे बाकीच्या निद्रिस्त राहतात. साखळी तोडली की निजलेल्या गाठीही जाग्या होतात. उटण्यातला सुगंधी नागरमोथा याच कुळातला, ही ओळख काकूंना होतीच. पण तोच आपल्या अबोलीच्या मुळांत शिरून बसला आहे, हे दाखवल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

शरद हाच हंगाम का, हा प्रश्न चिरंजीवांनी विचारला आणि तो योग्य होता. आपल्याकडे शरद म्हणजे पानगळ नव्हे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे आणि दक्षिणेकडे तो त्यानंतर काही दिवसांत मागे हटतो. त्यानंतरचे तीन-चार आठवडे जमिनीत खोदण्यापुरती ओल असते, वर मात्र कडक ऊन असते, आणि बहुतेक तणांचे बी अजून झडलेले नसते. लव्हाळ्याच्या गाठी सुकवायला जे ऊन हवे ते आणि मुळे न तुटता झाडे उचलायला जी ओल हवी ती, या दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचा कोकणातला काळ हाच. मार्गशीर्षापर्यंत थांबल्यास ओल जाते आणि रानमोडी फुलते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय शेजाऱ्यांकडचे नांगरणीचे छोटे यंत्र आणून वाफा अर्ध्या दिवसात उलथून टाकण्याचा होता. तो स्वस्त होता आणि चिरंजीवांना पसंतही होता. परंतु यंत्राची पाती लव्हाळ्याच्या साखळ्या तोडतात आणि वेडेलियाचे तुकडे सर्वत्र पसरवतात. अशा वाफ्यात यंत्र फिरवणे म्हणजे तणाची पेरणीच, हे मी स्पष्टपणे सांगितले.

दुसरा पर्याय तणनाशकाचा. झाडात शोषले जाऊन मुळापर्यंत उतरणारी तणनाशके लव्हाळ्यावर काही प्रमाणात चालतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण येथे ठेवायची झाडे आणि तणे एकमेकांत विणलेली होती, जमीन रेताड होती आणि पिण्याच्या पाण्याची विहीर वाफ्यापासून वीस फुटांवर होती. शिवाय ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले होते. हा पर्याय आम्ही पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही.

तिसरा पर्याय होता संपूर्ण वाफा वर्षभर झाकून ठेवण्याचा. त्यात श्रम कमी होते, परंतु झाडेही मेली असती. त्यातही लव्हाळ्याचे टोकदार कोंब पातळ प्लास्टिक भोसकून वर येतात.

चौथा पर्याय सर्वांत कष्टाचा होता. सगळी झाडे उचलायची, मुळे धुऊन घ्यायची, माती खोदून उन्हात सुकवायची, चाळायची आणि मग पुन्हा लागवड करायची. तीस फुटांचे हे काम एका शरदात नीट होणार नाही असा माझा अंदाज होता. म्हणून वाफ्याचे दहा-दहा फुटांचे तीन भाग करावेत, दोन भाग या वर्षी घ्यावेत आणि तिसरा झाकून पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवावा, असे ठरले. चिरंजीवांना अर्धवट काम मान्य नव्हते. ते मान्य झाले ते काकूंमुळे. "तीन वर्षं वाढलंय ते, एका महिन्यात कसं जाईल," असे त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

प्रत्यक्ष काम

पहिल्या आठवड्यात आम्ही कोयती हातात घेतली नाही. वाफ्याच्या तीन ठिकाणी काठ्या रोवल्या आणि सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला ऊन कोठे आहे ते काकू वहीत लिहीत गेल्या. सकाळी साडेआठपासून दुपारी चारपर्यंत वाफ्यावर सलग ऊन होते. हे टिपण या प्रकरणातील सर्वांत उपयोगी कागद ठरले. तोपर्यंत सर्वांचा समज असा होता की रान माजल्यामुळे फुलझाडे खचली. वही पाहिल्यावर उमगले की क्रम उलटा होता. सावली गेली, सोनटक्क्याची पाने करपली, जमीन उघडी पडली आणि उन्हावर पोसणारा लव्हाळा त्या उघड्या जागेत पसरला. त्यामुळे जुनी मांडणी जशीच्या तशी परत आणणे हे उद्दिष्टच चुकीचे होते, आणि हे आम्हांला खोदण्यापूर्वी कळले.

त्यानंतर बेणणी, म्हणजे रान कापून साफ करणे, झाली. चिऱ्यांच्या गडग्याशी फुरसे हा विषारी साप असण्याची शक्यता कोकणात नेहमीच धरावी लागते. म्हणून दोन्ही गड्यांना गुडघ्यापर्यंतचे बूट दिले, आधी लांब काठीने रान हलवले आणि मगच कोयती चालवली. गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, हे बजावून सांगितले होते. रानमोडी फुलण्याआधीच निघाली. ठेवायच्या झाडांना लाल कापडाच्या चिंध्या बांधल्या होत्या, कारण रान कापताना अबोलीचे कोवळे रोप आणि तण यांत घाईच्या हाताला फरक दिसत नाही.

येथे पहिली चूक झाली. काढलेले सगळे तण गड्यांनी सवयीप्रमाणे माडाच्या बुंध्यापाशी पातेऱ्याच्या, म्हणजे गळलेल्या पानांच्या, ढिगावर टाकले. दोन दिवसांनी मी पाहिले तेव्हा वेडेलियाचे तुकडे ओल्या पातेऱ्यात टवटवीत होते. ढीग पुन्हा उपसावा लागला. रानमोडी आणि इतर पाला ठेवून वेडेलिया, हरळी आणि लव्हाळा वेगळा काढला आणि पत्र्यावर उन्हात पूर्ण वाळवला. ही सूचना मी आधी द्यायला हवी होती. मी ती गृहीत धरली.

खोदकाम नवरात्रात सुरू झाले. रेताड मातीमुळे कुदळीपेक्षा दाताळ्याचा उपयोग अधिक झाला, कारण त्याने साखळ्या कमी तुटतात. कर्दळीचे कंद आणि लिलीचे गड्डे उचलून, बादलीत धुऊन, त्यांत अडकलेल्या लव्हाळ्याच्या काळ्या गाठी बोटांनी काढल्या. हे काम काकूंनी पडवीत बसून स्वतः केले आणि ते कोणत्याही गड्यापेक्षा नीट केले. जास्वंदीच्या दोन झाडांवर पिठ्या ढेकूण होता. ती छाटून जागेवरच ठेवली.

जुन्या अबोलीचा निर्णय

वाफ्यात अबोलीची नऊ जुनी झाडे जिवंत सापडली. ती सासूबाईंच्या हातची, अशी घरातील समजूत होती. निदान त्या झाडांचा वंश तो होता, यात शंका नाही. उचलल्यावर त्यांपैकी सात झाडांच्या मुळांवर गाठी दिसल्या. या गाठी लव्हाळ्याच्या नव्हत्या, सूत्रकृमी या मातीतल्या, मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे मुळांवर आलेल्या फुगवट्या होत्या. अशी झाडे पुन्हा लावली असती तर नव्या मातीतही सूत्रकृमी गेले असते आणि झाडे दुबळीच राहिली असती.

हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या सोपा आणि घराच्या दृष्टीने फार अवघड होता. मी काकूंना झाड तोडून दाखवले नाही. आधी त्यांना वाफ्याच्या कडेला घेऊन गेलो आणि रानाखाली उगवलेली बोटभर उंचीची रोपे दाखवली. अबोलीच्या पिकलेल्या शेंगेला पाणी लागले की ती तडकते आणि बी दूर उडते. तीन वर्षे कोणी लक्ष दिले नाही, तरी झाडाने आपले काम केले होते. अशी सव्वीस रोपे आम्ही मोजली. त्यांतील धडधाकट वीस रोपे पिशव्यांत घेतली आणि जुन्या झाडांच्या निरोगी शेंड्यांची छाटकलमे केली. त्यानंतर सातही झाडे काकूंनी स्वतः होमकुंडासारख्या रचलेल्या चिऱ्यांत जाळली. त्या वेळी मी तेथे थांबलो नाही. ते त्यांचे होते.

वाळवण आणि घाई

पहिल्या भागाचे खोदकाम दसऱ्याला पूर्ण झाले. ढेकळे उलटी करून उन्हात सोडली आणि तीन आठवडे सोडायची असे ठरले होते. लव्हाळ्याची गाठ ओल पूर्ण गेल्याशिवाय मरत नाही. बाहेरून सुरकुतलेली गाठ थोड्या ओलाव्यावर पुन्हा फुटते. आठव्या दिवशी संध्याकाळी गडगडाटासह पाऊस झाला. ताडपत्री घरात होती, पण माळ्यावर, गुंडाळलेली, कौलांच्या ढिगाखाली. ढेकळे भिजली.

येथे मी ज्या निर्णयाला मान डोलावली तो चुकीचा होता. वाळवण पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला हवी होती. परंतु वसुबारस जवळ आली होती, काकूंची इच्छा मला माहीत होती, आणि सहा दिवसांच्या कडक उन्हानंतर माती वरून कोरडी दिसत होती. गवंडी वाळू चाळतात त्या जाळीतून माती चाळली, सापडल्या तेवढ्या गाठी काढल्या, शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली आणि वसुबारसेला पहिल्या दहा फुटांत लागवड केली. मागे गडग्याशी तगर आणि जास्वंद, मध्ये कोरांटी आणि लाल कर्दळ, पुढे अबोली, कडेला लिली. सूत्रकृमीचा जोर कमी व्हावा म्हणून अबोलीच्या ओळींत झेंडू लावला. सोनटक्का या उन्हात टिकणार नव्हता. त्याचे कंद न्हाणीघरामागे, जेथे आंघोळीचे पाणी पाटाने माडाकडे जाते, तेथे लावले. दिवाळीला जुन्या जास्वंदीची चार फुले देवाला वाहिली गेली आणि काकूंना त्याचा जो आनंद झाला, तो मी पाहिला आहे.

दुसऱ्या भागात आम्ही घाई केली नाही. माती मार्गशीर्ष लागेपर्यंत उघडी ठेवली, दर चार दिवसांनी उलटली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस आभाळ भरून आले तेव्हा ताडपत्री वाफ्याशेजारीच होती.

परिणाम

तुळशीच्या लग्नापर्यंत पहिल्या भागात लव्हाळा वर आला होता. काही ठिकाणी फूटभर चौकोनात सात-आठ कोंब होते, तेही अबोलीच्या रोपांना चिकटून. दुसऱ्या भागात पौषापर्यंत एकूण पंधराएक कोंब आले आणि ते खुरप्याने गाठीसकट निघाले. माती, गडी, खत सगळे तेच होते. फरक होता तो वाळवणीच्या दिवसांचा.

पहिला भाग पुन्हा खोदायचा की हाताने आवरायचा, असा प्रश्न आला. रोपांनी मुळे धरली होती म्हणून हाताने आवरायचे ठरले. लव्हाळ्याचा कोंब जमिनीवर आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत खाली नव्या गाठी धरू लागतो. त्यापूर्वी तो काढत राहिले तर जुन्या गाठीतील साठा खर्च होत जातो. म्हणून दर बारा दिवसांनी काढणी असा नेम घातला. काकूंनी तो कॅलेंडरवर खुणा करून पाळला, आणि खरे तर पहिला भाग त्यांच्या नेमामुळेच वाचला. २०२४च्या पावसाळ्यात अबोली आणि कोरांटी एकमेकांना भिडली, जमीन झाकली गेली आणि कोंबांची संख्या उतरली. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हे येथे उपयोगी पडले.

तिसरा भाग हिवाळाभर पुठ्ठे आणि पातेऱ्याखाली होता. चैत्र-वैशाखात माती भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून सहा आठवडे ठेवले. बियांपासून उगवणारे तण जवळजवळ नाहीसे झाले, पण कडेने लव्हाळ्याने प्लास्टिक भोसकलेच. म्हणून त्यात फुलझाडे न लावता पावसाच्या सुरुवातीला रताळ्याचे वेल लावले. त्यांनी पावसाळाभर जमीन दाट झाकली आणि त्या नवरात्रात उपासाला घरची रताळी झाली. रताळी काढताना माती आपोआप खोदली गेली आणि सापडलेल्या गाठी वेचल्या गेल्या.

लावलेल्या वीस अबोलींपैकी सतरा जगल्या. तीन गेल्या त्या एप्रिल-मे महिन्यांत. त्या दिवसांत विहिरीचे पाणी मचूळ होते आणि तेच शिंपले जात होते. पाण्याचा हा विचार लागवडीच्या वेळी कोणीच केला नव्हता.

पुन्हा करायचे झाल्यास

ताडपत्री आधी आणि कुदळ नंतर, हा क्रम मी आता कोणत्याही घरी सोडत नाही. परतीचा पाऊस गेला असे वाटत असतानाच कोकणात एक-दोन सरी येतात, आणि वाळवणीच्या मध्यावर आलेली एक सर मागचे सगळे ऊन फुकट घालवते.

दिवाळीचा मुहूर्त मी वेगळ्या रीतीने साधला असता. देवाला फूल हवे होते, वाफा पूर्ण हवा नव्हता. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे मला त्या वेळी सुचले नाही. कुंड्यांत झेंडू आणि पिशव्यांत कोरांटी दसऱ्यापूर्वी तयार करून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मांडली असती, तर काकूंची इच्छाही पुरी झाली असती आणि पहिल्या भागाला पूर्ण वाळवण मिळाली असती.

पाण्याची चव कार्तिकातच पाहायला हवी होती, आणि वैशाखात मचूळ होणाऱ्या विहिरीवर अबोलीची संख्या वीसऐवजी दहा ठेवून लिली व तगर वाढवायला हवी होती. लिली किनाऱ्यावरचा खारटपणा अधिक सोसते. आता उन्हाळ्यात अबोलीला नळाचे पाणी घातले जाते आणि बाकीच्यांना विहिरीचे.

मुळांची तपासणी मात्र पुन्हा तशीच आणि त्याच टप्प्यावर करीन. वरून हिरवी दिसणारी झाडे रोगट आहेत, हे मुळे धुतल्यावरच कळले.

२०२४च्या श्रावणात काकूंनी वाफ्याच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, पूर्वी होती त्याच ओळीत, सुपारीची अकरा रोपे लावली. ती उंच होऊन वाफ्यावर सावली धरायला काही वर्षे जातील आणि त्या वेळी कर्दळ व कोरांटी तेथून हलवावी लागेल. ऊन टिपलेली ती वही काकूंनी जपून ठेवली असून दर आश्विनात त्याच तीन काठ्या रोवून त्या नोंद करणार आहेत. सोनटक्का तोपर्यंत न्हाणीमागेच आहे, आणि यंदा तो तेथे फुलला.